आवाजांसाठी इंग्रजी शब्द कसे निवडावेत आणि वाक्यात कसे बसवावेत

मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याच्या मजकुरात आवाजाचे वर्णन आले की दोनपैकी एक चूक हटकून होते. एक तर प्रत्येक आवाजाचा सरसकट 'साउंड' होतो, म्हणजे दार, पाऊस, इंजिन, पावले असे सगळेच 'मेड अ साउंड' करत राहतात. नाही तर शब्दकोशातून उचललेला एखादा शब्द भलत्याच वस्तूला चिकटवला जातो आणि पानांची सळसळ 'रॅटल' होऊन बसते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. शब्द आधी शोधला जातो आणि आवाज नेमका कसा होता हे नंतर ठरवले जाते, किंवा ठरवलेच जात नाही. पुढे दिलेला क्रम हा उलटा प्रवास सुलटा करण्यासाठी आहे. टप्पे शक्यतो त्याच क्रमाने घ्यावेत, कारण पहिले दोन टप्पे गाळून तिसऱ्यावर उडी मारणाऱ्याला पुढची व्याकरणाची काळजी घेऊनही वाक्य सुधारता येत नाही.

## तयारी

लिहायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी असाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला, इंग्रजीतूनच अर्थ देणारा शब्दकोश. इंग्रजी–मराठी कोश येथे अपुरा पडतो, कारण तो 'क्रीक', 'स्क्वीक' आणि 'स्क्रीच' या तिन्ही शब्दांपुढे 'करकर आवाज' असे लिहून मोकळा होऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे शब्दसंग्रह-कोश, ज्याला इंग्रजीत 'कॉर्पस' म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या मजकुराचा शोधता येणारा साठा. ब्रिटिश इंग्रजीसाठी सुमारे १० कोटी शब्दांचा 'ब्रिटिश नॅशनल कॉर्पस' आणि अमेरिकन इंग्रजीसाठी १०० कोटींहून अधिक शब्दांचा 'कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश' हे दोन साठे इंटरनेटवर पाहता येतात. तिसरी गोष्ट म्हणजे वही. तिच्यात शब्द आणि त्याचा मराठी अर्थ अशा जोड्या लिहू नयेत. शब्द आणि तो आवाज करणारी वस्तू अशा जोड्या लिहाव्यात. 'रसल: सळसळ' या नोंदीपेक्षा 'रसल: पाने, कागद, रेशमी कापड' ही नोंद कितीतरी अधिक उपयोगी पडते.

### मराठीतला 'आवाज' आधी वेगळा करा

मराठीत 'आवाज' हा शब्द तीन कामे करतो आणि इंग्रजीत त्या तिन्हींसाठी तीन शब्द आहेत. कानाला ऐकू येणारी कोणतीही गोष्ट 'साउंड'. नकोसा, कर्कश किंवा अनोळखी आवाज 'नॉइज'. माणसाच्या बोलण्याचा किंवा गाण्याचा आवाज 'व्हॉइस'. त्यामुळे 'तिचा आवाज गोड आहे' याचे 'हर साउंड इज स्वीट' होत नाही, 'शी हॅज अ स्वीट व्हॉइस' होते. 'माझा आवाज बसला' म्हणजे 'आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस'. 'दबक्या आवाजात' यासाठी 'इन अ लो व्हॉइस' असे म्हणावे. येथे 'विथ' घालण्याची सवय अनेकांना असते, ती मोडावी. 'टीव्हीचा आवाज कमी कर' या वाक्यात तर इंग्रजीला तिन्हींपैकी एकही शब्द लागत नाही. 'टर्न द टीव्ही डाउन' एवढे पुरते.

'मोठ्याने' या शब्दाचेही असेच आहे. 'मोठ्याने वाच' याचा अर्थ मनात न वाचता उच्चारून वाच असा असेल, तर 'रीड अलाउड'. आवाज वाढव असा असेल, तर 'रीड लाउडर'. 'रीड लाउडली' हे शिक्षकांच्या तोंडीही ऐकू येते, पण उच्चारून वाचण्याचा अर्थ त्यातून निघत नाही.

तपासणी: तुमच्या मराठी मसुद्यात 'आवाज' हा शब्द जेथे जेथे आला आहे तेथे खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी वरीलपैकी कोणता अर्थ आहे ते लिहा. खुणांपैकी बऱ्याच जागी इंग्रजीत 'आवाज' हा शब्द येणारच नाही, हे पुढे लक्षात येईल.

## टप्पा १: शब्द न शोधता आवाजाची चौकशी करा

कोश बंद ठेवून चार प्रश्नांची उत्तरे मराठीतच लिहावीत. आवाज कशातून निघाला, म्हणजे धातू, लाकूड, काच, पाणी, कागद, प्राणी की माणूस? तो एकदाच झाला, पुन्हा पुन्हा झाला की अखंड चालू होता? तो बारीक, तीक्ष्ण होता की जड, खर्जातला? आणि तो कशाच्या हालचालीमुळे झाला का? शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण पाचव्या टप्प्यात सगळी भिस्त त्याच्यावर असते.

या टप्प्यावर 'वाजणे' या क्रियापदापासून विशेष सावध राहावे. मराठीत दार वाजते, फोन वाजतो, गाणे वाजते, टाळ्या वाजतात, दात वाजतात. इंग्रजीत यातील प्रत्येकाचे क्रियापद निराळे आहे. फोन आणि घंटा यांसाठी 'रिंग', लाउडस्पीकरवर चाललेल्या गाण्यासाठी 'प्ले', टाळ्यांसाठी 'क्लॅप', थंडीने वाजणाऱ्या दातांसाठी 'चॅटर', चुटकीसाठी 'स्नॅप', तेही 'स्नॅप युअर फिंगर्स' असे बोटांसह. शिट्टी ओठांनी घातली असेल तर 'ही व्हिसल्ड', आणि हातातली शिट्टी फुंकली असेल तर 'ही ब्लू अ व्हिसल'. 'दार वाजले' याची तर तीन वेगवेगळी दृश्ये असू शकतात: कोणी ठोठावले, वाऱ्याने आपटले किंवा बिजागरी कुरकुरली. कोणते दृश्य आहे ते ठरल्याशिवाय इंग्रजी शब्द मिळणार नाही. आणि 'थंडी वाजते' यात तर आवाजच नसतो, हेही वाजण्याच्या भरात विसरू नये.

## टप्पा २: एकदा, पुन्हा पुन्हा की अखंड?

मराठी माणसाला या टप्प्यात जन्मजात फायदा आहे, पण तो क्वचितच वापरला जातो. आपली भाषा आवाजाची संख्या शब्दाच्या घडणीतच सांगते. 'धाडकन' म्हणजे एकदा, 'धडधड' म्हणजे अनेकदा. 'टपकन' एक थेंब, 'टपटप' अनेक. 'खाडकन' आणि 'खडखड' यांतही तेच. इंग्रजीत शब्द असा दुमडता येत नाही. तेथे ही माहिती शब्दाच्या निवडीतून आणि क्रियापदाच्या रूपातून द्यावी लागते.

एकदाच होणाऱ्या आवाजांचे नेहमीचे शब्द असे: 'बँग', 'थड', 'क्लिक', 'स्नॅप', 'पॉप', 'क्रॅक', 'स्लॅम'. लहान लहान आवाजांच्या मालिकेसाठी 'रॅटल', 'क्लॅटर', 'पॅटर', 'क्रॅकल', 'टिंकल', 'जिंगल'. तुटक नसलेल्या, ओढलेल्या आवाजासाठी 'हम', 'बझ', 'ड्रोन', 'हिस', 'रोअर', 'व्हाइन'. मालिकेच्या शब्दांपैकी अनेकांच्या शेवटी 'ल' ऐकू येतो. 'क्रॅक' म्हणजे काडकन एकदा आणि 'क्रॅकल' म्हणजे जळत्या लाकडाची तडतड, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मात्र शेवटचा 'ल' काढला की एकदाच होणारा आवाज मिळतो असा नियम करू नये. 'रॅटल'मधून तो काढला तर उंदीर हाती येतो.

आता क्रियापदाचे रूप. एकदाच होणाऱ्या आवाजाच्या शब्दाला 'इंग' लावले की अर्थ बदलून 'पुन्हा पुन्हा' होतो. 'द डोअर बँग्ड' म्हणजे दार धाडकन आपटले; 'द डोअर वॉज बँगिंग' म्हणजे दार आपटत राहिले होते. धाडकन आपटलेल्या दारासाठी दुसरे वाक्य लिहिणे ही अतिशय सामान्य चूक आहे, कारण मराठीत 'आपटत होते' आणि 'आपटले' यांतला फरक कथनाच्या ओघात सैल वापरला तरी खपतो. ओढलेल्या आवाजांना ही अडचण नाही. 'द फॅन वॉज हमिंग' म्हणजे पंखा अखंड घूं करत होता, एवढेच.

सावधान: 'धडधड'ची नक्कल म्हणून 'बँग बँग' किंवा 'क्लिक क्लिक' लिहू नका. इंग्रजीत अशी द्विरुक्ती लहान मुलांच्या गोष्टींत आणि चित्रकथांत शोभते. प्रौढ गद्यात 'इट केप्ट क्लिकिंग' असे लिहावे.

## टप्पा ३: वस्तू आणि शब्द यांची जोडी जुळवा

येथे कोश उघडावा. या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो, कारण आवाजाचा इंग्रजी शब्द सहसा वस्तूशी बांधलेला असतो आणि बांधणी तर्काने नेहमीच कळत नाही.

धातू आणि काच यांच्या शब्दांत स्वर बरेच काही सांगून जातो. 'क्लिंक' हा दोन काचेचे पेले किंवा नाणी हलकेच एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज. 'क्लँक' हा साखळीसारख्या जड धातूचा. 'क्लंक' हा जाड, बोदा आवाज, जसा जुन्या यंत्राचा दांडा बसताना येतो. आणि 'क्लँग' हा घुमत राहणारा, लोखंडी फाटक आपटल्यावर येतो तसा. 'इ'कडून 'उ'कडे जाताना वस्तू जड होत जाते, असे स्थूलमानाने म्हणता येते. किल्ल्यांचा जुडगा मात्र 'जिंगल' करतो आणि भांडी एकमेकांवर आदळली की 'क्लॅटर'.

घासल्याने किंवा वाकल्याने निघणाऱ्या आवाजांचा गोंधळ सर्वाधिक असतो. लाकडी जिना, जुनी फरशीची फळी, न वंगवलेले दार 'क्रीक' करते; हा आवाज संथ आणि ओढलेला असतो. नवे बूट, उंदीर, लहान चाक 'स्क्वीक' करते. हा बारीक आणि आखूड असतो. ब्रेक 'स्क्रीच' किंवा 'स्क्वील' करतात. दोन्ही मोठे आणि कानठळ्या बसवणारे. 'द चेअर स्क्रीच्ट' असे वाक्य लिहिलेत तर वाचकाला खुर्ची फरशीवरून जोरात ओढलेली दिसेल. कोणी नुसते मागे रेलले असेल, तर 'क्रीक्ट' हवे.

पडण्या-आदळण्याच्या शब्दांत 'थड' म्हणजे मऊ किंवा जड वस्तू जमिनीवर पडल्याचा बोदा आवाज, 'थम्प' त्याहून थोडा जोराचा आणि बहुधा मुठीचा किंवा पायाचा, 'बँग' मोठा आणि एकाएकी होणारा, तर 'क्रॅश' म्हणजे मोडतोडीसह झालेला. पोते पडले तर 'थड', कपाटभर भांडी कोसळली तर 'क्रॅश'. वस्तू फुटली नाही तेथे 'क्रॅश' घालण्याचा मोह आवरावा.

पाण्यासाठी 'स्प्लॅश' हा शब्द सर्वांना ठाऊक असतो आणि म्हणून सगळीकडे वापरला जातो. ओढ्याची खळखळ 'बॅबल' किंवा 'गर्गल', नळाचा थेंब 'ड्रिप', काठाशी हळू आपटणारी लाट 'लॅप', खडकावर आदळणारी 'क्रॅश'. हलका पाऊस छपरावर 'पॅटर' करतो, जोराचा 'ड्रम' करतो. विस्तव 'क्रॅकल' करतो, तापलेले तेल 'सिझल', बाटलीतले फसफसणारे पेय 'फिझ'.

वारा 'हाउल', 'मोन', 'व्हिसल' किंवा 'साय' करतो. चारही शब्द मुळात जिवंत प्राण्याचे वाटतात, पण वाऱ्याला चालतात. विजेबाबत मराठीमुळे एक खास चूक होते. 'वीज कडाडली' या आपल्या वाक्यात प्रकाश आणि ध्वनी एकत्र असतात. इंग्रजीत 'लाइटनिंग' फक्त चमकते आणि आवाज 'थंडर'चा असतो. 'थंडर'ला अनेकवचन किंवा 'अ' लागत नाही, म्हणून एका कडकडाटासाठी 'अ क्लॅप ऑफ थंडर' म्हणावे लागते. दूरवरच्या गडगडाटासाठी 'रंबल' आहेच.

यंत्रांबाबत थोडक्यात: फ्रिज 'हम' करतो, दूरचे विमान 'ड्रोन' करते, चांगले चाललेले मोटारीचे इंजिन 'पर्र' करते, हॉर्न 'हाँक' होतो किंवा ब्रिटिश वापरात 'हूट', आणि टेबलावर थरथरणारा फोन 'बझ' करतो.

प्राण्यांच्या शब्दांवर वेळ घालवू नये. ते ठरलेले आहेत आणि कोशात सहज मिळतात. दोनच सापळे सांगण्यासारखे आहेत. 'क्रो' हे क्रियापद कावळ्याचे नाही, कोंबड्याचे आहे. कावळा 'कॉ' करतो. आणि डासाच्या गुणगुणण्यासाठी 'हम'पेक्षा 'व्हाइन' नेमका बसतो, कारण तो आवाज बारीक आणि चिरका असतो. माणूस गाणे गुणगुणतो तेव्हा मात्र 'हम'च.

तपासणी: निवडलेला शब्द कॉर्पसमध्ये टाका आणि त्याच्या आधी कोणती नामे येतात ते पाहा. तुमची वस्तू पहिल्या पानभर उदाहरणांत कोठेच दिसत नसेल, तर शब्द बदला. ती दिसत असेल, तर जोडी वहीत लिहा.

## टप्पा ४: माणसाच्या तोंडचे आवाज

येथे शब्द केवळ आवाज सांगत नाही, बोलणाऱ्याची वृत्तीही सांगतो. 'व्हिस्पर' म्हणजे कुजबुजणे, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. 'मर्मर' म्हणजे हळू आणि मऊ बोलणे, त्यात राग नसतो. 'मटर' म्हणजे पुटपुटणे, बहुधा नाराजीने. 'मंबल' म्हणजे तोंडातल्या तोंडात, अस्पष्ट बोलणे. त्यात वृत्तीपेक्षा उच्चाराचा दोष अधिक. मराठीत 'पुटपुटला' हे एकच क्रियापद शेवटच्या दोन्ही अर्थांना चालते, म्हणून येथे पहिल्या टप्प्यातली चौकशी पुन्हा करावी लागते.

ओरडण्याच्या शब्दांत 'स्क्रीम' आणि 'श्रीक' भीतीने किंवा वेदनेने होतात, 'येल' आणि 'शाउट' अर्थपूर्ण शब्दांसह होतात, तर 'वेल' हा दुःखाचा लांबलेला आक्रोश असतो. 'ग्रोन' आणि 'मोन' हे कण्हण्याचे शब्द जवळचे आहेत. 'ग्रोन' अधिक खोल आणि आखूड असतो आणि वाईट विनोद ऐकून वैतागणाऱ्यालाही चालतो. श्वासाच्या आवाजांत उसासा 'साय', दचकून आत ओढलेला श्वास 'गॅस्प', धाप 'पँट' आणि दम्याची घरघर 'व्हीझ'.

विभक्तीची चूक टाळण्यासाठी ही क्रियापदे शब्दयोगी अव्ययासहच पाठ करावीत. 'ही व्हिस्पर्ड टू हर' बरोबर, 'ही व्हिस्पर्ड हर' चूक. 'शाउट अ‍ॅट' म्हणजे रागाने अंगावर ओरडणे, 'शाउट टू' म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जावे म्हणून ओरडणे. रस्त्यापलीकडच्या मित्राला हाक मारणाऱ्याच्या बाबतीत 'अ‍ॅट' वापरले तर उगाच भांडण झाल्यासारखे वाटते. 'स्नॅप अ‍ॅट' म्हणजे एखाद्यावर वसकन ओरडणे.

सावधान: 'व्हिस्पर्ड सॉफ्टली', 'शाउटेड लाउडली', 'स्क्रीम्ड व्हेरी लाउडली' ही क्रियाविशेषणे काढून टाका. ती माहिती क्रियापदातच आहे.

## टप्पा ५: शब्द वाक्यात बसवा

यातील बहुतेक शब्द नाम म्हणूनही चालतात आणि क्रियापद म्हणूनही. मराठीत 'आवाज करणे' आणि 'आवाज येणे' अशा जोडक्रियापदांची सवय असल्याने आपण नामाची रचनाच निवडतो आणि 'द लीव्ह्ज मेड अ रसलिंग साउंड' असे लांबट वाक्य लिहितो. ते चूक नाही, पण 'द लीव्ह्ज रसल्ड' एवढ्यात काम होते. क्रियापदाची रचना पहिली पसंती ठेवावी. 'आवाज आला' याचे शब्दशः 'अ साउंड केम' करू नये. आवाज कोणी केला ते माहीत नसेल तर 'देअर वॉज अ लाउड बँग', आणि ऐकणारा महत्त्वाचा असेल तर 'आय हर्ड अ लाउड बँग' असे लिहावे. नाम वापरायचेच असेल तर 'विथ' बरोबर ते चांगले बसते: 'द बुक फेल विथ अ थड'. माणसाच्या आवाजासाठी 'गेव्ह अ गॅस्प' किंवा 'लेट आउट अ ग्रोन'.

ऐकण्याच्या क्रियापदानंतरचे रूप दोन प्रकारचे असते. 'आय हर्ड द डोअर स्लॅम' म्हणजे आपटण्याची क्रिया पूर्ण ऐकली. 'आय हर्ड द डोअर क्रीकिंग' म्हणजे ती चालू असताना कानावर आली. दुसऱ्या टप्प्याशी याचा सरळ संबंध आहे: 'आय हर्ड द डोअर स्लॅमिंग' म्हटले की दार अनेकदा आपटत असल्याचे समजले जाते. 'आय हर्ड द डोअर टू स्लॅम' ही रचना चूक आहे. 'टू' फक्त कर्मणी प्रयोगात येतो, जसे 'ही वॉज हर्ड टू शाउट'.

आता पहिल्या टप्प्यातला चौथा प्रश्न. इंग्रजीत आवाजाचे क्रियापद थेट हालचालीचे क्रियापद म्हणून वापरता येते. 'ट्रक गडगडत निघून गेला' यासाठी 'द ट्रक वेंट मेकिंग अ रंबलिंग साउंड' असे लिहिण्याची गरज नाही. 'द ट्रक रंबल्ड पास्ट' हे खरे इंग्रजी वाक्य. 'द बुलेट व्हिसल्ड पास्ट', 'द कार रोअर्ड अप द हिल' ही त्याच घडणीची. अट एकच: आवाज त्या हालचालीमुळेच झालेला असावा. गोळी हवेतून जाते म्हणून शीळ निघते, त्यामुळे वाक्य चालते. शीळ घालत खोलीबाहेर पडलेल्या माणसासाठी 'ही व्हिसल्ड आउट ऑफ द रूम' चालत नाही, कारण त्याची शीळ त्याच्या चालण्यातून निघालेली नाही. तेथे 'ही लेफ्ट द रूम व्हिसलिंग' हवे. भुंकत पळालेल्या कुत्र्याचीही हीच गत. ही एक अट नीट समजली की आवाजाच्या वर्णनातला अर्धा अवघडलेपणा जातो, असे माझे मत आहे.

शेवटी काय झाले हे सांगण्यासाठी याच क्रियापदांपुढे विशेषण ठेवतात: 'द डोअर क्रीक्ट ओपन', 'द गेट क्लँग्ड शट', 'द लिड क्लिक्ट शट'. मराठीत 'करकरत उघडले' असे दोन क्रियापदांनी होणारे काम येथे एका क्रियापदाने आणि एका विशेषणाने होते.

दाराच्या बाबतीत अव्यय चुकले तर अर्थच उलटतो. 'ही बँग्ड द डोअर' म्हणजे त्याने दार आपटून बंद केले. 'ही बँग्ड ऑन द डोअर' म्हणजे त्याने दारावर धडाधड थापा मारल्या. 'नॉक'लाही 'ऑन' किंवा 'अ‍ॅट' लागते. 'दार ठोठावले' यात दार हे कर्म असल्याने 'नॉक्ट द डोअर' सहज लिहिले जाते आणि ते चूक ठरते.

तपासणी: वाक्यात 'साउंड', 'नॉइज' किंवा 'मेक' आहे का? असेल तर तो शब्द काढून क्रियापदाची रचना करून पाहा. अर्थ टिकला तर नवे वाक्यच ठेवा.

## टप्पा ६: विशेषण लागलेच तर

नेमके नाम निवडले असेल तर विशेषणाची गरज कमी पडते. तरी काही जोड्या रूढ आहेत आणि त्या मोडू नयेत: 'डल थड', 'डेफनिंग रोअर', 'फेंट हम', 'लो रंबल', 'मफल्ड सॉब', 'श्रिल व्हिसल'. 'डल' म्हणजे बोदा आणि 'मफल्ड' म्हणजे कशाच्या तरी आडून आलेला, दबलेला. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत.

'साउंड' हे क्रियापद 'वाटणे' या अर्थी आले की त्यापुढे विशेषण येते, क्रियाविशेषण नाही. 'युअर व्हॉइस साउंड्स स्ट्रेंज' बरोबर, 'स्ट्रेंजली' चूक. पुढे नाम असेल तर मध्ये 'लाइक' हवे: 'इट साउंड्स लाइक अ ड्रम'.

## टप्पा ७: स्पेलिंग आणि भूतकाळ

आवाजाच्या शब्दांना समोच्चारी शब्द बरेच आहेत आणि संगणकाची स्पेलिंग-तपासणी ते पकडतेच असे नाही, कारण दुसरे स्पेलिंगही योग्यच असते. करकरण्याच्या 'क्रीक'मध्ये 'ई' नंतर 'ए' येतो. दोन 'ई' लिहिले तर ओढा होतो. घंटानादाच्या 'पील'मध्येही 'ई-ए', दोन 'ई' म्हणजे साल काढणे. 'ग्रोन' आवाजाचा असेल तर 'ओ-ए', 'वाढलेला' या अर्थी 'ओ-डब्ल्यू'. 'व्हाइन'मधला 'एच' गळला तर मद्य होते. घोगऱ्या आवाजाच्या 'होर्स'मध्ये 'ओ' नंतर 'ए' असतो. तो विसरला की घोडा. 'रसल' आणि 'व्हिसल' यांत न उच्चारला जाणारा 'टी' आहे, 'नॉक'च्या आधी 'के' आहे आणि 'साय'च्या शेवटी 'जी-एच'.

भूतकाळात 'रिंग'चे 'रँग' होते, पण त्या चालीवर 'क्लँग'चे 'क्लंग' करू नये. ते 'क्लिंग', म्हणजे चिकटून राहणे, याचे रूप आहे. 'क्लँग'चे 'क्लँग्ड' होते. 'हम', 'ड्रिप', 'स्नॅप', 'थड' यांचे शेवटचे व्यंजन 'ई-डी' लावताना दुप्पट होते. उच्चारात 'क्रीक्ट', 'हिस्ट', 'क्रॅश्ट' यांचा शेवट 'ट' आणि 'हम्ड', 'बझ्ड', 'रंबल्ड' यांचा 'ड' होतो.

## टप्पा ८: संपूर्ण उतारा तपासा

एक नमुना घेऊ. मराठी मसुदा असा: 'वाऱ्याने खिडकी वाजत होती. अचानक खालच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलांचा आवाज आला आणि कोणीतरी हळू आवाजात काहीतरी बोलले.'

खिडकीचा आवाज लहान धक्क्यांचा आणि चालू असलेला आहे, म्हणून 'रॅटल' आणि 'इंग': 'द विंडो वॉज रॅटलिंग इन द विंड.' दुसऱ्या वाक्यात 'आवाज आला' हे शब्द गळतात. पडलेली वस्तू फुटली की नाही हे मसुद्यात नाही. लेखकाने ते ठरवावे. न फुटणारी जड वस्तू असेल तर 'समथिंग फेल डाउनस्टेअर्स विथ अ थड'. 'अचानक' हा अर्थ 'थड'च्या एकदाच होण्यात पुरेसा येतो, म्हणून 'सडनली' वगळले तरी चालते. तिसऱ्या वाक्यात 'पावलांचा आवाज' याचे 'द साउंड ऑफ फुटस्टेप्स' करण्याचे कारण नाही. 'फुटस्टेप्स' ऐकूच येतात: 'देन आय हर्ड फुटस्टेप्स ऑन द स्टेअर्स'. शेवटी बोलणाऱ्याची वृत्ती. तो कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून बोलत असेल तर 'समवन व्हिस्पर्ड', त्रासिकपणे बोलत असेल तर 'समवन मटर्ड'. मसुद्यातले दोन 'आवाज आला' आणि एक 'आवाजात' इंग्रजीत उरले नाहीत, हे तयारीच्या वेळी केलेल्या खुणांशी ताडून पाहावे.

अशा उताऱ्यात आवाजाचे किती शब्द असावेत याचा ठोस नियम नाही. मात्र सलग तीन वाक्यांत प्रत्येकी ठसठशीत ध्वनिशब्द आला तर वर्णन गोंगाटाचे वाटू लागते. तेव्हा कथनाला ज्याची खरोखर गरज आहे तो एक शब्द ठेवावा आणि बाकीच्या जागी साधे क्रियापद घालावे. वरच्या नमुन्यात गरजेचा आवाज पडण्याचा असेल, तर खिडकीचे वाक्य 'इट वॉज अ विंडी नाइट' एवढ्यावर आणता येते.